रिकाम्या रकान्यावरचं उद्गारचिन्ह

आमच्या कोपरीतल्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर वर्षी १ जूनला केकच्या इमोजींचा पूर येतो. एकाच दिवशी सात-आठ आजी-आजोबांचे वाढदिवस. माझे आजोबाही त्यातलेच. ते जन्मले तेव्हा भात कापणीला आला होता, एवढंच त्यांच्या आईला आठवत होतं. म्हणजे दिवाळीच्या आगेमागे कधीतरी. शाळेत नाव घालायला नेलं तेव्हा गुरुजींनी जन्मतारीख विचारली. ती कुणालाच ठाऊक नव्हती, आणि रजिस्टरमधला रकाना मोकळा सोडायची पद्धत नव्हती. शाळा जूनमध्ये सुरू व्हायच्या, म्हणून गुरुजींनी १ जून लिहून टाकलं. त्या पिढीतलं मराठी घर घ्या, एक तरी १ जूनवाला निघेलच. आमच्या मजल्यावरच्या सिंधी आजींची तारीख १ जानेवारी आहे. फाळणीनंतर जी कुटुंबं कोपरी कॉलनीत येऊन राहिली त्यातलं त्यांचं एक. जन्माचा कागद असलाच तर तो तिकडेच राहिला.

गुरुजींवर माझा राग नाही. त्यांच्यापुढे पोरांची रांग होती. माझा राग त्या रकान्यावर आहे, कारण ‘माहीत नाही’ हे उत्तर लिहायला त्यात जागाच नव्हती. आजोबा त्या बनावट तारखेवर शाळेत गेले, त्याच तारखेवर निवृत्त झाले आणि त्यांचं पेन्शनही तिच्यावरच सुरू झालं. आज कुठल्याही कॉम्प्युटरला विचारलं तर तो ठणकावून सांगेल, जन्म १ जूनचा. अंदाजानं लिहिलेलं काय आणि खरं काय, हे आता कुठल्याच नोंदीतून वेगळं काढता येत नाही.

हे सगळं प्रोग्रामिंगबद्दल आहे, जरा थांबा.

मी ऐरोलीत एका कंपनीत मोबाईल अ‍ॅप लिहिते. रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये दहा-बारा मुलांना स्विफ्ट शिकवते. स्विफ्ट म्हणजे अ‍ॅपलची भाषा, २ जून २०१४ रोजी जाहीर झालेली. (हो, एक दिवसानं हुकली.) मुलं अकरावीपासून एफवायपर्यंतची, दोन जुने मॅकबुक, एक माझा आणि एक उसना. यातली निम्मी मुलं आधी कुठल्या ना कुठल्या क्लासला जाऊन आलेली असतात किंवा यूट्यूबवर शिकलेली असतात, आणि त्यातल्या जवळपास प्रत्येकाला ‘ऑप्शनल’ ही गोष्ट एकाच पद्धतीनं माहीत असते: लाल रेघ आली की उद्गारचिन्ह लावायचं. रेघ जाते.

माझं म्हणणं असं की ही शिकवण नुसती अपुरी नाही, ती चुकीची आहे. आणि तिचे परिणाम क्लासच्या भिंतीबाहेर माणसांना भोगावे लागतात.

ज्यांनी कधी कोड लिहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बहुतेक भाषांमध्ये व्हेरिएबल म्हणजे नाव लावलेला डबा. स्विफ्टमध्ये साधा डबा रिकामा असूच शकत नाही. ‘आडनाव’ या डब्यात मजकूर असतो म्हटलं की असतोच. पण एखादी गोष्ट असेल किंवा नसेल अशी असली, तर प्रकाराच्या नावापुढे प्रश्नचिन्ह लावावं लागतं: ‘स्ट्रिंग?’. हा झाला ऑप्शनल. त्यात एकतर मजकूर असतो किंवा ‘निल’, म्हणजे काहीच नाही. निल म्हणजे शून्य नव्हे, आणि कोरी ओळही नव्हे. ऑफिसात डबा आला पण रिकामा निघाला, ही एक गोष्ट. डबा आलाच नाही, ही वेगळी. पहिल्यात घरी काहीतरी बिनसलंय, दुसऱ्यात कदाचित लोकल बंद पडली असेल. ज्याला भूक लागली आहे त्याला वाटेल दोन्ही सारखंच. ज्याला कारण शोधायचं आहे त्याला तसं वाटून चालणार नाही.

आता हा ऑप्शनल थेट वापरायला गेलात तर कंपायलर अडवतो. तो विचारतो: आणि नसलं तर? लाल रेघ म्हणजे एवढा एकच प्रश्न. त्याला उत्तर देण्याचे मार्ग तीन. पहिला, उद्गारचिन्ह: ‘आहेच, उघड.’ नसलं तर अ‍ॅप जागच्या जागी बंद पडतं. दुसरा, दोन प्रश्नचिन्हं आणि त्यापुढे एखादी ठरावीक किंमत: ‘नसलं तर हे धर.’ म्हणजे आमचे गुरुजी. तिसरा, ‘इफ लेट’ किंवा ‘गार्ड लेट’: आधी बघ, असलं तर त्याला नाव दे आणि पुढे जा, नसलं तर काय करायचं ते वेगळं लिही.

तिसऱ्या मार्गात एक बारीक गोष्ट आहे, जी क्लासमध्ये कुणी सांगत नाही. बघणं आणि वापरणं इथे एकाच गाठीत बांधलेलं असतं. म्हणून त्याला बाइंडिंग म्हणतात. ‘निल नाहीये ना? ठीक, आता उद्गारचिन्ह लावून उघडतो’ असं दोन पायऱ्यांत लिहिलं, तरी आज काम चालतं. उद्या कुणीतरी मधे चार ओळी घुसवतो, तपासणी वर राहते, उघडणं खाली जातं, आणि दोघांचा संबंध तुटतो. इफ लेटमध्ये मात्र तपासणीतून जे नवं नाव हाती येतं त्यापुढे प्रश्नचिन्ह नसतंच. त्या कंसाच्या आत ते शंभर टक्के आहे. कंसाबाहेर ते नावच अस्तित्वात नाही. गार्ड लेट याच्या उलट बाजूनं काम करतो, सोसायटीच्या वॉचमनसारखा: नसलं तर दारातूनच परत फिरायचं, आणि एकदा आत आल्यावर पुन्हा कुणी विचारायचं नाही. २०२२ मध्ये आलेल्या स्विफ्ट ५.७ पासून तर तेच नाव दोनदा लिहायचाही त्रास उरला नाही. म्हणजे लांबलचक लिहावं लागतं, ही सबबही गेली.

तरीही मुलं उद्गारचिन्हच का लावतात? आळशी आहेत म्हणून नाही. एक्सकोडमध्ये लाल रेघेवर क्लिक केलं की तो स्वतःच दुरुस्ती सुचवतो, आणि सुचवतो त्या दोन: ठरावीक किंमत द्या किंवा जबरदस्तीनं उघडा. म्हणजे खोटं बोला किंवा कोसळा. बघून घ्या असं त्या यादीत नसतं. नवशिका त्या यादीलाच उत्तरपत्रिका समजतो, आणि त्याचा शिक्षक, ज्याला दीड तासात पोरांच्या हातात चालतं अ‍ॅप द्यायचं असतं, त्याला हो म्हणतो. हे आयफोनपुरतं आहे असंही समजू नका. तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनवरची बरीच अ‍ॅप कोटलिनमध्ये लिहिलेली असतात. तिथेही हाच प्रश्न, तिथेही तेच प्रश्नचिन्ह, फक्त जबरदस्ती करायला दोन उद्गारचिन्हं लागतात.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. एका मुलानं वय विचारणारं छोटं अ‍ॅप लिहिलं. मजकूर घ्यायचा, त्याचा आकडा करायचा, अठरापेक्षा कमी असलं तर तसं सांगायचं. आकडा करताना स्विफ्ट ऑप्शनल देतं, कारण माणूस काहीही टाइप करू शकतो. यानं उद्गारचिन्ह लावलं होतं. शेजारच्या मुलीनं फोन हातात घेतला. तिचा कीबोर्ड मराठी. तिनं १७ लिहिलं, देवनागरीत. अ‍ॅप बंद.

सगळे हसले. मग मी त्यांना पडद्यावरचा निरोप वाचायला लावला. त्याचा अर्थ असा, की ऑप्शनल उघडताना अनपेक्षितपणे निल सापडलं. अनपेक्षितपणे! स्विफ्टला मजकुराचा आकडा करताना फक्त इंग्रजी अंक कळतात, देवनागरी १७ त्याच्या लेखी आकडाच नाही, आणि म्हणूनच त्यानं आधीच प्रश्नचिन्ह लावून ठेवलं होतं. (पायथनला देवनागरी अंक कळतात, हे त्याच्या बाजूनं नोंदवून ठेवते.) भाषेला ते अपेक्षित होतं. ते अपेक्षित नव्हतं ते लिहिणाऱ्याला; मराठी शाळेत शिकलेल्या, घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला. आपल्याच आजीनं अ‍ॅप वापरलं तर ती कुठले अंक लिहील, हा प्रश्न त्याच्या डोक्यात आला नाही. कंपायलरच्या आला होता. यानं त्याचं तोंड बंद केलं.

मुलानं लगेच दुरुस्ती केली: दोन प्रश्नचिन्हं, पुढे शून्य. अ‍ॅप आता बंद पडेना. मुलीनं पुन्हा १७ लिहिलं. अ‍ॅप म्हणालं, तुमचं वय ० आहे. खरं सांगायचं तर या दोघांत मला कोसळणारं अ‍ॅप जास्त प्रामाणिक वाटतं. ते निदान बोंब तरी मारतं. शून्य वय गुपचूप डेटाबेसमध्ये जाऊन बसतं, आणि पाच वर्षांनी कुणीतरी सरासरी काढतं तेव्हा त्यात हसतमुखानं सामील होतं. १ जूनसारखंच.

आता जे सांगणार आहे त्यावर हसायला येत नाही. माझी मावसबहीण डोंबिवलीची. तिचे वडील ती जन्मायच्या आधीच निघून गेले. मावशीनं तिला एकटीनं वाढवलं आणि त्या माणसाचं नाव कुठेही लावलं नाही. बारावीनंतर एका परीक्षेचा ऑनलाइन फॉर्म भरायला ती बसली. वडिलांचं नाव, पुढे लाल चांदणी. रिकामं सोडलं तर फॉर्म पुढे जाईना. आडवी रेघ मारली तर म्हणे फक्त अक्षरं चालतील. शेवटची तारीख होती, रात्रीचे साडेअकरा. तिनं इंग्रजीत ‘एन ए’ लिहिलं. हॉल तिकिटावर तिचं नाव छापून आलं: तिचं नाव, मधे एनए, मग मावशीचं आडनाव. परीक्षा केंद्रावर पर्यवेक्षकांनी भर वर्गात विचारलं, हे काय नाव आहे? पुढे ते निकालपत्रकावरही आलं. दुरुस्तीसाठी अर्ज, प्रतिज्ञापत्र, दोन हेलपाटे. ती मला म्हणाली, “ताई, वडील नाहीत हे मला नवीन नाही गं. पण त्यांनी नसण्यालाच माझं मधलं नाव करून टाकलं.”

मी तिला काही बोलले नाही, कारण असाच फॉर्म मी स्वतः लिहिलेला आहे. पहिल्या नोकरीत. पूर्ण नाव दाखवायची एक ओळ होती: नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तिन्हींना उद्गारचिन्ह. काही लोकांच्या फोनवर अ‍ॅप प्रोफाइल उघडताच बंद पडायला लागलं. तक्रार आली. मी बघितलं, वडिलांचं नाव निल. मी काय केलं असेल? फॉर्ममध्ये त्या रकान्यापुढे चांदणी लावली. सक्तीचं करून टाकलं. सीनियरनं शाबासकी दिली, तक्रार निकाली निघाली, अ‍ॅप पुन्हा कधी कोसळलं नाही. मशीनमधला बिघाड मी उचलून फॉर्म भरणाऱ्या माणसांच्या गळ्यात अडकवला होता. त्यांनी पुढे तिथे काय काय लिहिलं असेल, टिंब की एनए की आजोबांचं नाव, मला माहीत नाही. त्यांच्या तक्रारी आमच्यापर्यंत येत नव्हत्या, कारण त्या मशीनच्या नव्हत्या.

यात चीड आणणारी गोष्ट अशी की कायदा आपल्या पुढे निघून गेला आहे. ६ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की अविवाहित आईला मुलाचं पालकत्व घेण्यासाठी वडिलांचं नाव उघड करावं लागणार नाही. डिसेंबर २०१६ मध्ये पासपोर्टचे नियम बदलले; आई, वडील किंवा कायदेशीर पालक, कुणा एकाचं नाव पुरे. ५ डिसेंबर २०१८ पासून एकल आईच्या मुलांना पॅन कार्डासाठी वडिलांचं नाव देणं सक्तीचं राहिलं नाही. म्हणजे कायद्यानं त्या रकान्यापुढे कधीच प्रश्नचिन्ह लावलं आहे. उद्गारचिन्ह आम्ही लावतोय.

आपल्याच राज्यातलं घ्या. ११ मार्च २०२४ रोजी मंत्रिमंडळानं ठरवलं, की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव अशा क्रमानं नोंद होईल. आईचं नाव आलं, उत्तम झालं. पण त्याच निर्णयात अनाथ आणि तशाच अपवादात्मक परिस्थितीतल्या मुलांना सूट आहे. ही सूट कोडमध्ये कोण लिहिणार? उद्याच्या शाळाप्रवेशाच्या अ‍ॅपमध्ये चार डबे असतील. त्यातले दोन तरी प्रश्नचिन्हवाले हवेत हे ज्याला सुचेल, त्यानं पहिल्या महिन्यात ऑप्शनल नीट शिकलेला असला पाहिजे. नाहीतर तो लाल रेघ घालवेल.

यावर मला ऐकवलं जातं, की फॉर्ममध्ये काय सक्तीचं ते प्रोग्रामर ठरवत नाही, वरून कागद येतो. येतो, मान्य. पण त्या कागदाच्या आणि माणसाच्या मधे ‘आणि नसलं तर?’ असं विचारू शकणारा शेवटचा जीव प्रोग्रामरच असतो, आणि त्याला तर हा प्रश्न कंपायलर आयता आणून देतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: नवशिक्यांना पहिल्याच महिन्यात हे दिलं तर ते पळून जातील. आधी काहीतरी पडद्यावर हलू दे, बारकावे नंतर. हे म्हणणाऱ्यांनी मुलांना कमी लेखलंय असं मला वाटतं. जे असायला हवं ते नसणं, हा काय नवशिक्यांसाठी अवघड विषय आहे? त्यांच्या आधार कार्डावर एक नाव असतं, दहावीच्या मार्कशीटवर दुसरं, रेशन कार्डावर स्पेलिंगच वेगळं. त्यांना नसणं शिकवावं लागत नाही. नसण्याला कोडमध्ये कुठे ठेवायचं, तेवढंच शिकवावं लागतं. उलट ‘नंतर’ कधी येत नाही. उद्गारचिन्हाची सवय लागते, नोकरी लागते, आणि मग ती सवय पगारी होते.

सोपं होतं म्हणून करणं, याची किंमत या धंद्यात आधी एकदा मोजून झालेली आहे. टोनी होअर या मोठ्या संगणकशास्त्रज्ञानं १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू या भाषेत ‘नल’ आणला. डबा कुठलाही असो, तो रिकामा असू शकतो आणि कुणी विचारणारही नाही, अशी ती सोय. २००९ मध्ये लंडनच्या एका परिषदेत त्यांनीच तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं, आणि कारण काय दिलं? करायला अतिशय सोपी होती, मोह आवरला नाही. अलीकडचं हवं असेल तर १२ जून २०२५ आठवा. गुगल क्लाउड आणि त्यावर उभ्या असलेल्या कितीतरी सेवा जगभर काही तास कोलमडल्या. गुगलच्याच अहवालात लिहिलंय: धोरणाच्या एका नोंदीत काही रकाने चुकून कोरे राहिले होते, आणि ते वाचणाऱ्या कोडमध्ये ‘नसलं तर’ची सोय नव्हती. ती नोंद काही सेकंदांत जगभर पोचली आणि जिथे पोचली तिथे यंत्रणा कोसळत गेली. तिथे तर आमच्या हॉलमधली मुलं काम करत नव्हती.

उद्गारचिन्ह भाषेतून काढून टाका, असं मी म्हणत नाही. मी स्वतः वापरते. कोडमध्ये मीच हातानं लिहिलेला वेबपत्ता असेल आणि तो चुकला तर अ‍ॅपनं माझ्याच टेबलावर कोसळावं, अशी माझी इच्छा असते. तो माझ्यावरचा पहारा आहे. पण जे माणूस टाइप करणार आहे, सर्व्हरवरून येणार आहे, कुणाच्या तरी आयुष्यातून येणार आहे, त्यावर उद्गारचिन्ह लावायचा अधिकार मला कुणी दिला? म्हणून आमच्या हॉलमध्ये नियम आहे: पहिले तीन महिने उद्गारचिन्ह बंद, आणि दोन प्रश्नचिन्हं लावायची असतील तर आधी उठून सांगायचं की पुढची किंमत तुम्ही कुठून आणली. ‘शून्य’ म्हणाल तर शून्यच का, हे सांगा. बहुतेक वेळा सांगता सांगताच मुलं खाली बसतात आणि इफ लेट लिहितात. स्टेशनजवळच्या क्लासवाल्यांनी हे फुकट उचलावं. दीड तासात चालतं अ‍ॅप होणार नाही, दोन तास लागतील.

वयवाल्या मुलानं पुढच्या रविवारी कोड पुन्हा आणला. त्यानं शोधून काढलं होतं, की स्विफ्टमध्ये प्रत्येक अक्षराला ‘तुझी पूर्णांक किंमत काय’ असं विचारता येतं, आणि तिथे देवनागरी अंकही चालतात. हे उत्तरसुद्धा ऑप्शनलच येतं. त्यानं एकेक अक्षर घेऊन गार्ड लेट लावला होता. मुलीनं पुन्हा मराठी कीबोर्डवरून १७ लिहिलं. अ‍ॅप म्हणालं, तुम्ही अठरापेक्षा लहान आहात. मग तिनं मुद्दाम ‘सतरा’ असं अक्षरी लिहिलं. पडद्यावर आलं: वय कळलं नाही, अंकात सांगाल का? आणि खाली एक छोटं बटण, त्यानं आपल्या मनानं टाकलेलं: नक्की माहीत नाही.